शिकलेलं कुत्रं पुन्हा घरात घाण करू लागलं तर



गटाच्या बैठकीत आपण शेळ्या, कोंबड्या, म्हशी यांच्यावर नेहमी बोलतो. आज बोलायचं आहे घरातल्या लहान कुत्र्याबद्दल. हल्ली गावोगावी अशी कुत्री दिसतात. मुलगा-सून पुण्या-मुंबईला नोकरीला असतात, फ्लॅटमध्ये हौसेनं पामेरियन नाहीतर पग घेतलेला असतो. मग बाळ होतं, बदली होते, घरमालक नको म्हणतो, आणि कुत्रं गावी आई-वडिलांकडे येतं.

असं कुत्रं बहुधा तीन-चार वर्षांचं, पूर्ण वाढलेलं असतं. शू-शी ठरल्या जागी करायची, हे त्याला शिकवलेलं असतं. सुरुवातीचे काही दिवस किंवा महिने बरे जातात आणि मग बिनसतं. कधी घडी घातलेल्या वाकळेवर, कधी ज्वारीच्या पोत्याच्या कोपऱ्यावर, एखाद्या दिवशी थेट देवघरासमोर. सासूबाई चिडतात, घरातला पुरुष काठी उचलतो, शेवटी "हायवेला सोडून येतो" इथपर्यंत बोलणं जातं. कुत्रं ठेवायचं कोणी ठरवलं, हे कुणी विचारत नाही. पुसायचं कोणी, ते मात्र न बोलता ठरलेलं असतं. म्हणून हा विषय आपला आहे.

आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. शिकलेलं कुत्रं सूड म्हणून किंवा मुद्दाम खोडी म्हणून घाण करत नाही. त्याच्या शरीरात, नाहीतर आपल्या घरात, काहीतरी बदललेलं असतं. तो बदल शोधायचा, मग त्यावर उपाय करायचा. उलट्या क्रमानं गेलं, म्हणजे आधी मारलं, की दुखणं वाढतं आणि पुसणंही वाढतं.

आधी दवाखाना, मग शिस्त

पोट बिघडलेल्या माणसाला आपण "वेळेवर का गेला नाहीस" म्हणून रागावत नाही. कुत्र्याचंही तसंच. चांगलं शिकलेलं कुत्रं अचानक घरात करू लागलं, तर पहिली शंका आजाराची घ्यायची. काही खुणा सांगतो, त्या लक्षात ठेवा.

थोडी थोडी लघवी पुन्हा पुन्हा होते, कुंथावं लागतं, लघवीत रक्त दिसतं, ती जागा सारखी चाटली जाते, तर लघवीच्या मार्गाचा संसर्ग किंवा मूतखडा असू शकतो. हा संसर्ग मादीला जास्त होतो.

पाणी पिणं एकदम वाढलं आणि लघवीही वाढली, तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. हो, माणसासारखा मधुमेह कुत्र्यालाही होतो. अशा वेळी घरात लघवी नको म्हणून पाण्याचं भांडं काढून घेऊ नका. ते जिवावर बेतू शकतं.

नसबंदी न झालेली मादी माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत मलूल झाली, खाणं सोडलं, पाणी खूप प्यायला लागली, अंगावरून घाण जायला लागली, तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते. अंगावरून काहीच जात नसलं, तरीही आतल्या आत पू साठू शकतो. यात उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तसंच कुत्रं कुंथतंय पण थेंबही येत नाही, तर लघवी अडलेली असते. तिथेही तासांचा प्रश्न असतो.

कुत्री झोपून उठली की अंथरूण ओलं असतं आणि तिला त्याचा पत्ताच नसतो, असं असेल तर लघवी आपोआप गळते आहे. नसबंदी झालेल्या किंवा वय झालेल्या मादीत हे दिसतं आणि पुष्कळदा औषधानं आटोक्यात येतं. शी पातळ होत असेल तर जंत, शिळं-तेलकट खाणं किंवा एकदम बदललेला आहार हे कारण असू शकतं. शहरात पाकिटातलं खाद्य खाणाऱ्या कुत्र्याला इथे एकदम आमटी-भाकरी सुरू केली की पोट बिघडतंच. आहार आठवडाभरात हळूहळू बदलायचा.

दवाखान्यात जाताना सकाळची पहिली लघवी नेता आली तर तपासणी सोपी होते. कुत्री बसली की मागून एखादी जुनी, स्वच्छ पळी किंवा उथळ ताटली अलगद खाली सरकवायची, आणि लघवी धुऊन वाळवलेल्या बाटलीत भरून दोन-तीन तासांत पोचवायची. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दाखवा. मोठी तपासणी लागली तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आपल्या घरातली ताप-अंगदुखीची गोळी कुत्र्याला मनानं देऊ नका. माणसाच्या अनेक गोळ्या कुत्र्याला विषासारख्या असतात.

आठ दिवसांची वही

डॉक्टरांनी आजार नाही असं सांगितलं, की पुढचं काम आपल्याला चांगलं जमणारं आहे. नोंद ठेवायची! गटाच्या हप्त्याची वही ठेवतो तशीच. पाच रकाने पाडा: तारीख, वेळ, जागा, किती केली, आणि त्याच्या आधी काय घडलं. लिहिता न येणाऱ्या सासूबाईंनी पाहिलं असेल तर त्यांना विचारून नातवंडानं लिहावं. आठ दिवसांत वहीच बोलायला लागते.

रोज साधारण एकाच वेळेला घडतंय का? समजा रोज सकाळी अकराला. म्हणजे सगळे रानात गेले, दार बंद झालं, आणि बाहेर सोडायला कुणी नाही. लहान कुत्र्याचं मूत्राशयही लहान असतं. पाच-सात किलोचा जीव सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत धरून बसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. पहाटे होत असेल तर रात्रीचं जेवण फार उशिरा दिलं जातंय का, ते बघायचं.

दाराची चौकट, खाटेचा पाय, पोत्याचा कोपरा अशा उभ्या वस्तूवर पाय वर करून थोडीशीच केली जाते का? मग ती खूण करण्याची सवय आहे. "ही जागा माझी" असं तो सांगतोय. नसबंदी न झालेल्या नरात हे जास्त दिसतं. शेजारी कुत्री माजावर आली, दारावरून दुसरं कुत्रं गेलं, की वाढतं. नसबंदीनं पुष्कळांत कमी होतं, पण सवय जुनी झाली असेल तर शिकवणंही लागतं. मादीही माजाच्या दिवसांत वारंवार लघवी करते. ते दिवस सरले की थांबतं.

कुणी दारातून आलं, मोठ्यानं बोललं, वाकून उचलायला गेलं, की कुत्रं अंग चोरतं, कान पाडतं आणि तिथेच लघवी होते का? ती भीतीची किंवा अति आनंदाची लघवी आहे. तिच्यावर त्याचा ताबा नसतो. इथे ओरडलात तर ती हमखास वाढणार. येणाऱ्यानं आल्या-आल्या कुत्र्याकडे लक्ष द्यायचं नाही. जरा वेळानं खाली बसून, शांतपणे, हनुवटीखालून हात फिरवायचा.

कागदावर किंवा मऊ वस्तूवरच होतंय का? हे शहरातून आलेल्या कुत्र्यांचं खास कारण आहे. फ्लॅटमधल्या कुत्र्याला पुष्कळदा वर्तमानपत्रावर किंवा शोषून घेणाऱ्या पॅडवर करायला शिकवलेलं असतं. त्याच्या पायाला कागद आणि कापड लागलं की "हीच ती जागा" असं त्याला वाटतं. मग जमिनीवर पडलेली नातवाची वही, घडीची चादर, गोणपाट यावर ते करतं, आणि त्याच्या हिशेबानं ते बरोबरच वागलेलं असतं. अंगणातली माती त्याला कुणी कधी शिकवलेलीच नसते. म्हणून मुला-सुनेला फोन करून दोनच प्रश्न विचारा: तिकडे ते कशावर करत होतं, आणि करायला नेताना तुम्ही कोणता शब्द वापरत होता? या दोन उत्तरांनी अर्धा गुंता सुटतो.

शेवटी घरातले बदल बघा. घरात नवं बाळ आलं, ज्याच्या मागे-मागे ते फिरायचं तो माणूस गावाला गेला, दिवाळीचे फटाके झाले, लग्नघराचा गोंधळ झाला. अशा दिवसांनंतरही शिकलेलं कुत्रं काही काळ मागे जातं.

मारल्यानं काय होतं

नाक घाणीत घासायचं, चापट मारायची, ही रीत आपल्याकडे सर्रास आहे. ती का चालत नाही, ते समजून घेऊ. कुत्रं शिक्षेचा संबंध त्या क्षणाला जे चाललंय त्याच्याशी जोडतं. अर्ध्या तासापूर्वीच्या लघवीशी ते जोडत नाही. त्यामुळे आपण मारलं की ते एवढंच शिकतं की, या बाईसमोर करायची नाही. मग ते कपाटामागे, पलंगाखाली, लपून करू लागतं. आपल्याला घाण उशिरा सापडते आणि अंगणात नेलं तरी आपल्यासमोर ते करत नाही.

"पण त्याला कळतं हो, मान खाली घालून बसतं," असं आपण म्हणतो. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हेच तपासून पाहिलं आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी १४ कुत्री आणि त्यांचे मालक घेतले. काही वेळा कुत्र्यानं मना केलेला खाऊ खाल्लेला होता, काही वेळा नव्हता, पण मालकाला प्रत्येक वेळी खरं सांगितलं जात नव्हतं. त्यात दिसलं असं, की तो अपराधी चेहरा कुत्र्यानं चूक केली म्हणून येत नाही. मालक रागावतो म्हणून येतो. काहीच न केलेलं कुत्रंही रागावल्यावर तसाच चेहरा करत होतं. म्हणजे खाली घातलेली मान ही कबुली नसते. ती आपल्या आवाजाची भीती असते.

घरात करताना समोरच सापडलं तर काय करायचं? टाळी वाजवून "चल चल" म्हणत लगेच बाहेर न्यायचं. उरलेलं बाहेर केलं की शाबासकी द्यायची. मागाहून सापडलं तर काहीच बोलायचं नाही, पुसून टाकायचं आणि वहीत लिहायचं.

पुन्हा पहिलीपासून

आता दोन-तीन आठवडे असं समजायचं, की हे कुत्रं आजच घरात आलेलं पिल्लू आहे. जुनी शिकवण आतमध्ये असतेच, त्यामुळे मोठं कुत्रं पुष्कळदा लवकर रुळावर येतं.

पहिली गोष्ट म्हणजे वेळा. उठल्याबरोबर, प्रत्येक खाण्यानंतर, दुपारच्या झोपेनंतर, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपण्याआधी बाहेर न्यायचं. मधल्या काळात दर तीन-चार तासांनी. खाणं दिवसातून दोन वेळा, ठरल्या वेळी द्यायचं. दिवसभर ताटली भरून ठेवली की शीची वेळ कळत नाही. पाणी मात्र कायम भरलेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. परसात एकच कोपरा ठरवायचा. पट्टा लावून तिथेच न्यायचं, एकच शब्द म्हणायचा, आणि पाच-सात मिनिटं शांत उभं राहायचं. नुसतं दार उघडून सोडलं तर ते कोंबड्यांमागे पळतं, करायचं विसरतं, आणि घरात येऊन करतं. कागदाची सवय असेल तर त्या कोपऱ्यात आधी कागद ठेवा, त्यावर त्याच्याच लघवीनं ओला झालेला एखादा तुकडा. रोज कागद लहान करत जा आणि त्यावर माती टाकत जा. काही दिवसांत मातीच उरते.

तिसरी गोष्ट म्हणजे बक्षीस. केल्याबरोबर, तिथेच, दोन-तीन सेकंदांत द्यायचं. घरात आल्यावर दिलं तर ते घरात आल्याचं बक्षीस होतं. बक्षीस महाग नको. भाकरीचा कुटका, बिनमिठाच्या उकडलेल्या अंड्याचा कण, भाजलेला एखादा शेंगदाणा पुरतो. चॉकलेट, कांदा, लसूण देऊ नका. सांगली-नाशिककडच्या मैत्रिणींनी खास लक्षात ठेवा, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात.

चौथी गोष्ट म्हणजे नजर. या दिवसांत सगळं घर मोकळं सोडायचं नाही. आपण स्वयंपाक करत असू तर लांब पट्ट्यानं जवळच ठेवायचं. हुंगत गोल फिरायला लागलं, दाराकडे बघायला लागलं, की उचलून बाहेर. नजर ठेवता येणार नसेल तर त्याच्या अंथरुणासह एखाद्या लहान, हवेशीर जागेत ठेवा, पण तासन्‌तास कोंडू नका. पाच-सात दिवस कोरडे गेले की एकेक खोली मोकळी करायची.

मधेच एक दिवस पुन्हा चुकलं, तर सगळं वाया गेलं असं समजू नका. वहीत मागच्या आठवड्याशी ताळा करा. सहावरून दोनवर आलं असेल तर आपण बरोबर चाललो आहोत.

वास गेला पाहिजे

आपल्याला वास येत नाही म्हणजे गेला, असं नसतं. कुत्र्याच्या नाकाला तो सापडतो आणि ते पुन्हा त्याच जागी जातं. फरशीवर आधी कोरड्या फडक्यानं टिपायचं, मग साबणाच्या पाण्यानं धुवायचं, मग एक वाटी पाण्यात एक वाटी पांढरं व्हिनेगर घालून पुसायचं. गोधडी, चादर तसल्याच पाण्यात अर्धा तास भिजवून धुवायची आणि कडक उन्हात टाकायची. गादीवर खायचा सोडा पसरून तो वाळल्यावर झाडून काढता येतो. शहरात यासाठी खास द्रव मिळतं, ते लघवीतला वासाचा भागच मोडून टाकतं. मिळालं तर उत्तम.

शेणानं सारवलेल्या जमिनीत लघवी मुरते. तिथला वरचा थर खरवडून काढा, जागा पूर्ण वाळू द्या, मग नव्यानं सारवा. अमोनियाच्या वासाचं काही वापरू नका, लघवीलाही तोच वास असतो. फिनेल ओलं असताना कुत्र्याच्या पायाला लागून ते चाटलं जातं, ते विषारी आहे. ब्लिचिंग पावडर आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

आणि आपली काळजी. कुत्र्याच्या लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार माणसाला होऊ शकतो, पावसाळ्यात जास्त. हाताला कापलेलं-खरचटलेलं असेल तर प्लॅस्टिकची पिशवी किंवा हातमोजा घालूनच पुसा, मग साबणानं हात धुवा. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस, डॉक्टरांच्या सल्ल्यानं लेप्टोची लस आणि वेळच्या वेळी जंताचं औषध द्यायलाच हवं.

पाऊस, भटकी कुत्री आणि बिबट्या

कधी कधी कुत्र्याला बाहेर जायचीच भीती असते. गावातल्या भटक्या कुत्र्यांनी एकदा घेरलं की पाच किलोचा हा जीव अंगणात पाय ठेवायला धजत नाही. कुंपणाच्या आतली जागा ठरवा, सोबत उभं राहा, हातात काठी असू द्या. पावसात लहान कुत्र्याचं पोट चिखलाला टेकतं, म्हणून ते नको म्हणतं. पत्र्याखाली किंवा गोठ्याच्या कडेला कोरडी जागा करून द्या.

ऊसपट्ट्यात बिबट्याचा धोका खरा आहे आणि कुत्रं हे त्याचं आवडतं भक्ष्य आहे. तिथे रात्री उशिरा किंवा पहाटे अंधारात कुत्र्याला एकटं सोडू नका आणि आपणही एकट्या जाऊ नका. अशा ठिकाणी पडवीत एक उथळ खोकं ठेवून त्यात माती-वाळू भरा आणि रात्रीपुरतं त्यातच करायला शिकवा. बक्षिसाची रीत तीच. वय झालेल्या कुत्र्यालाही हे सोयीचं पडतं. दहा-बारा वर्षांचं कुत्रं कधी कधी शिकलेलं विसरतं. तिथे शिस्तीपेक्षा सोय बघायची.

काम वाटून घ्या

हे सगळं एकट्या बाईनं करायचं ठरवलं तर आठ दिवसांत ती कंटाळेल, आणि ते बरोबरच आहे. सकाळची फेरी घरच्या पुरुषानं, शाळेतून आल्यावरची मुलांनी, रात्रीची मुलानं किंवा सासऱ्यांनी. दवाखान्याचा आणि लसीचा खर्च ज्यानं कुत्रं आणलं त्या मुला-सुनेनं पाठवावा. हे संकोच न करता सांगा. शब्द आणि जागा मात्र सगळ्यांनी एकच वापरायची.

राहिला प्रश्न सोडून देण्याचा. घरात वाढलेलं लहान कुत्रं रस्त्यावर सोडलं तर त्याला अन्न शोधता येत नाही, गाड्या कळत नाहीत, भटकी कुत्री त्याला जवळ करत नाहीत. १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानं, उपासमार होईल अशा रीतीनं जनावर सोडून देणं हा गुन्हाही आहे. अगदीच जमत नसेल तर मुलाला स्पष्ट सांगा आणि त्याच्यासाठी चांगलं घर शोधा. नव्या घराला वहीही द्या. तिथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.

पुढच्या बैठकीत विचारा: कुणाच्या घरी असं कुत्रं आहे, आणि पुसतं कोण? उत्तर एकच आलं तर वेळापत्रक तिथल्या तिथे लिहून घरी न्या आणि सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लावा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!